म. यांजकडे

बडोद्याच्या महाराजांकडे एक माणसाळलेला गेंडा होता आणि हत्तीवर बसावं तसा त्याच्यावर माहूत बसायचा, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेही एका इंग्रज बिशपकडून. आमच्या घरात गायकवाडांच्या गोष्टींना तोटा नव्हता. पणजोबा सरकारवाड्यात कारकून होते, त्यामुळे सोन्याच्या तोफा, मोत्यांचा गालिचा, हत्तींच्या झुंजी हे सगळं आम्ही पाढ्यांबरोबर पाठ केलेलं. गेंडा मात्र कुणी सांगितला नव्हता.

बिशपचं नाव रेजिनाल्ड हेबर. त्याच्यापर्यंत मी पोचले ती नानांमुळे, आणि ही गोष्ट नानांना आवडली नसती.

नाना म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर भावानं शिसवी कपाट नेलं, बहिणीनं पितळी डबे, आणि रोजनिशा माझ्याकडे आल्या, कारण त्या कुणालाच नको होत्या. रेल्वेत दरवर्षी मिळायच्या त्या, जाड पुठ्ठ्याच्या, एकूण ३७. पावसाळ्यानंतर बुरशीच्या भीतीनं गच्चीवर उन्हात घातल्या आणि चाळत बसले. ओळी सगळ्या एकाच चणीच्या. "॥श्री॥ संध्या. दूध १॥ लि. रॉकेल मिळाले नाही. गुरुचरित्र अ. १४. गुडघा." गुडघा म्हणजे दुखतोय, एवढं आपण समजून घ्यायचं. देव, दूध आणि गुडघा एका ओळीत, एकाच शाईत, कुणाला जास्त जागा नाही.

आणि दर २५ डिसेंबरला: "म. यांजकडे, फत्तेगंज. चिवडा अर्धा कि."

एका वर्षी असतं तर पान उलटून पुढे गेले असते. हे १९६९पासून पंचवीस वर्षं चाललेलं. बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "म. म्हणजे मालती, मंदाकिनी की मधुबाला, ते बघ आधी." हसलो खरं, पण फोन ठेवल्यावर मी परत ती पानं काढली. आमचं घर दांडिया बाजारात. फत्तेगंज म्हणजे जुना कॅम्प, पलटणीचा भाग. चर्चं आणि ख्रिस्ती वस्ती. आमच्या लहानपणी तिकडे जायचं म्हणजे स्टेशनपलीकडच्या वेगळ्याच गावाला जाणं. आणि नाना, जे पुऱ्यांचं तेल कोणत्या दुकानातलं ते विचारल्याशिवाय कुणाकडे पानावर बसायचे नाहीत, ते दर नाताळाला तिथे जात होते!

नानांची ख्रिस्ती लोकांबद्दलची मतं आम्हाला पाठ होती. डिसेंबरात कॅम्पातल्या चर्चांवर चांदण्या लागल्या की जेवताना भाषण ठरलेलं. छप्पनच्या दुष्काळात पोटासाठी देव बदललेली माणसं, इथून ते सुरू व्हायचं आणि ताक येईपर्यंत चालायचं. छप्पनचा म्हणजे संवत १९५६चा, इंग्रजी १८९९-१९००चा दुष्काळ. गुजरातेत अजून म्हातारी माणसं 'छप्पनियो' म्हणून त्याचं नाव काढतात. मिशनच्या लोकांनी तेव्हा अनाथ पोरं सांभाळली, हेही नानांना माहीत होतं, पण ते त्यांच्या भाषणात पुराव्याच्या बाजूला असायचं, उपकाराच्या नव्हे. एकदा मी म्हटलं, "नाना, पक्षिणीची कविता म्हणताना तुमचा गळा दाटतो, ती लिहिणारे रेव्हरंड टिळक ख्रिस्ती होते." नाना म्हणाले, "ते कवी होते." विषय संपला.

तर फत्तेगंज. म. काही सापडेना, म्हणून निदान जागेबद्दल तरी वाचू म्हटलं, आणि टॅबवर जुन्या कॅम्पातल्या चर्चचा समर्पणविधी करणाऱ्या या हेबरसाहेबांची गाठ पडली. १८२५चा मार्च. गादीवर दुसरे सयाजीराव. हेबर कलकत्त्याचा बिशप, पण त्या काळी या एका बिशपच्या पदराखाली हिंदुस्थान आणि सिलोनच नव्हे, ऑस्ट्रेलियासुद्धा यायचं. हा गृहस्थ आपला मुलूख बघायला १८२४च्या जूनमध्ये कलकत्त्याहून नावेनं निघाला. ढाका, पाटणा, काशी, लखनौ, कुमाऊँचे डोंगर, दिल्ली, आग्रा, जयपूर करत, राजपुतान्यातून भिल्लांच्या मुलखात उतरून नऊ महिन्यांनी बडोद्याला पोचला. ढाक्यालाच त्याच्या सोबतचा पाळक मित्र आजारी पडून वारला होता. बायको अमेलिया मुलीच्या आजारपणामुळे कलकत्त्यात राहिलेली. तिला वाचायला म्हणून हा वाटेत रोजनिशी लिहीत गेला, आणि १८२८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, तिनंच ती छापून आणली.

काटेकोर बोलायचं तर हेबर मिशनरी नव्हे, मिशनऱ्यांचा वरिष्ठ. पण मिशनच्या लोकांना त्याच्याइतकं कुणी कामाला लावलेलं नसेल, कारण मिशनरी लोकांचं सगळ्यात गाजलेलं गीत त्यानं लिहिलं. त्याची गोष्ट मजेची आहे. १८१९ साल. हेबर अजून इंग्लंडात, श्रॉपशरमधल्या हॉडनेट नावाच्या खेड्याचा पाळक. सासऱ्याकडे रेक्सम गावी गेला होता. दुसऱ्या दिवशी रविवारी मिशनसाठी वर्गणी गोळा करायची होती, सासरा म्हणाला, एखादं गीत लिहा. जावईबापूंनी वीसेक मिनिटांत लिहून दिलं, असं सांगतात. ग्रीनलंडच्या बर्फापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत सगळी अंधारातली माणसं आपल्याला हाका मारताहेत, अशा अर्थाचं. त्यात सिलोनबद्दल म्हटलंय की तिथलं सगळं दृश्य सुखवतं, फक्त माणूस तेवढा नीच.

तोवर हेबरनं ना सिलोन पाहिलं होतं, ना हिंदुस्थान.

पुढे १०० वर्षं ते गीत जगभर गायलं गेलं. १९२५मध्ये गांधीजींनी कलकत्त्यात मिशनऱ्यांसमोर बोलताना नेमकी हीच ओळ काढली आणि आपला हिंदुस्थानातला अनुभव अगदी उलटा असल्याचं त्यांना सांगितलं. ती ओळ वाचली तेव्हा माझंही डोकं तापलं होतं. टॅब मिटून मी मटार सोलायला बसले. मग सोलता सोलता वाटलं, नानांचं पाटावरचं भाषणही वीसेक मिनिटांचंच असायचं.

म्हणून रोजनिशी वाचायला घेतली. इंग्रजी जुनं, गावांची नावं ओळखू येत नाहीत, मधे मधे बरंच कंटाळवाणं. हेबर सगळीकडे प्रेमळच असतो असं कुणी समजू नये. एका पत्रात तो म्हणतो, आजवर वाचलेल्या-ऐकलेल्या सगळ्या मूर्तिपूजांमध्ये हिंदूंची सर्वांत वाईट. हे गीताचंच गद्य झालं. पण हाच माणूस हेही लिहितो, की हिंदू लोकांचं जे काळंकुट्ट चित्र काही जण रंगवतात ते मला मान्य नाही. हे लोक स्वभावानं सौम्य, हुशार, काटकसरी आहेत आणि समोर काही हेतू असला तर चिकाटीचे. धर्म वाईट, माणसं चांगली. हे दोन्ही त्यानं एकमेकांना न भेटवता बरोबर बाळगलं. आपल्याकडे काय निराळं असतं? फक्त आपण ते लिहून ठेवत नाही.

त्याचा दिवस कसा जायचा ते वाचण्यात मला जास्त रस वाटला. पहाटे अंधारात तंबू उचलायचे, उन्हं चढायच्या आत मजल मारायची, मग उरलेला दिवस लोकांच्या भेटी, हिंदुस्थानीचा अभ्यास, पत्रं. रविवारी शक्यतो मुक्काम हलवायचा नाही, प्रार्थना करायची. आजारी नोकराला औषध स्वतः द्यायचं. मोठमोठे ईश्वरी साक्षात्कार वगैरे शोधायला गेलात तर हाती फार लागणार नाही. पीक कसं आहे, विहिरीला पाणी किती आहे, भिल्लांना डोंगरात कुणी आणि कसं रेटलं, घोडा लंगडतोय का. त्यातच एखादं वाक्य देवाच्या दयेचं, आणि लगेच पुढे पुन्हा घोडा. मला नानांचा गुडघा आठवला.

बडोद्याचं पान आलं तेव्हा मात्र मी सावरून बसले. आपल्या गावाबद्दल परका काय बोलतो ते ऐकताना माणूस आपोआप ताठ होतो. हेबर लिहितो, रस्ते बऱ्यापैकी रुंद, घरं उंच आणि लाकडाची, उतरत्या कौलांची. फार दिवसांनी अशी घरं दिसली. आणि मग, रस्त्याच्या कडेनं घरांच्या ओळी पाहून त्याला चेस्टर आठवतं. हेबरचा जन्म चेशरमधला, चेस्टर म्हणजे त्याच्या माहेरचंच गाव म्हणा. राजवाडा रस्त्याला लागून, चार मजली, एकावर एक पुढे आलेले लाकडी सज्जे. शोभेला जरा कळाहीनच वाटला त्याला. गेंड्यावरचा माहूत त्याला इथेच दिसला.

आमचा वाडा तसाच होता. पुढे आलेला सज्जा, त्याखाली नक्षीचे लाकडी घोडे, पावसात फुगून न लागणारी दारं. १९९८मध्ये पाडला, आता तिथे पाच मजले आहेत. त्या सज्जात बसून नाना रोजनिशी लिहायचे. घर सोडून हजारो कोस आलेला एक माणूस आमच्यासारख्याच एका सज्जाखालून जाताना वर बघतो आणि त्याला घरची आठवण येते, हे वाचून मला त्याच्यावर रागावणं कठीण जायला लागलं. गीत लिहिताना त्यानं जग नकाशावर पाहिलं होतं. इथे तो मान वर करून बघत होता.

बडोद्यात त्यानं कॅम्पातलं चर्च समर्पित केलं. गॉथिक वळणाचं, छोटं, सुबक, असं त्याचं वर्णन. तिथून तो खेडा शहराच्या बाजूला निघाला आणि २६ मार्चला नडियादला त्याची स्वामीनारायणांशी भेट झाली. गुजरातेत राहणाऱ्याला स्वामीनारायण म्हणजे कोण हे सांगायला नको. आमच्या सोसायटीतली निम्मी कुटुंबं त्यांची. सहजानंद स्वामी तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षात, हेबर बेचाळिसाव्या. हेबरनं आधीच ऐकलं होतं की हा साधू चोरी-मारामारी सोडायला लावतो, आणि ज्या गावांनी त्याचं ऐकलं ती पूर्वी बदनाम होती, आता सगळ्यांत शिस्तीची आहेत. त्याच्या मनात होतं, हा माणूस आपल्या देवाच्या वाटेतली पायरी होईल.

साधूची वाट बघत होता तो, आणि आली फौज. जवळजवळ २०० घोडेस्वार, तलवारी, तोड्याच्या बंदुका. हेबरबरोबर पन्नासेक स्वार आणि तेवढेच बंदूकवाले शिपाई. दोन धर्मगुरू एकमेकांना भेटताहेत ते आपापलं छोटं सैन्य घेऊन, हे पाहून आपल्याला हसूही आलं आणि मनात खालीही बघावंसं वाटलं, असं तो लिहितो. मग जे लिहितो ते मी तीनदा वाचलं. लढाई झालीच असती तर माझी माणसं कमी असूनही जिंकली असती, शस्त्रं आणि शिस्त चांगली म्हणून. पण मोठेपणात केवढा फरक! माझे शिपाई मला ओळखत नाहीत, त्यांना माझं काही देणंघेणं नाही. हुकूम आहे म्हणून ते माझं रक्षण करतात. त्यांचे स्वार त्यांचे शिष्य आहेत, आपणहून आलेले, गुरूच्या वस्त्राच्या काठाला कुणी हात लावला तर जीव देतील असे. हॉडनेटच्या खेड्यातल्या चार साध्या शेतकऱ्यांना कदाचित कधीकाळी माझ्याबद्दल असं काही वाटलं असेल. हिंदुस्थानात एखाद्या ख्रिस्ती गुरूला असं प्रेम मिळायला किती काळ जावा लागेल!

अख्ख्या हिंदुस्थानच्या बिशपनं स्वतःला एका खेड्यातल्या चार शेतकऱ्यांच्या मापानं मोजलं आणि तेही उणंच भरलं, असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. हे वाक्य कुठल्याही चर्चमध्ये कुणी गात नाही.

चर्चा मात्र फारशी जमली नाही. हिंदुस्थानीत बोलणं झालं. हेबर येशूकडे वळवू पाहत होता, स्वामी कृष्णाकडे. हेबरच्या नोंदीतून त्याची निराशा दिसते. जातीचं विचारल्यावर स्वामी म्हणाले, तिला मी फार महत्त्व देत नाही, पण जुन्या लोकांना दुखवायचंही नाही. इथे कुणी वेगळं जेवो की एकत्र, वर गेल्यावर हे भेद राहणार नाहीत. हेबरला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी तंजावरकडे गेल्यावर त्याच्या पुढ्यात वाद आला तो हाच: देवळात नव्हे, चर्चमध्ये. ख्रिस्ती झालेले उच्च जातीचे लोक इतरांशेजारी बसायला तयार नव्हते. त्यानंतर लगेचच, ३ एप्रिल १८२६ला, त्रिचनापल्लीत सकाळची उपासना आटोपून तो स्नानाच्या हौदात उतरला तो जिवंत बाहेर आला नाही. बेचाळीस वर्षांचा होता. मधल्या काळात सिलोनही पाहून झालं होतं. गीतातली ती ओळ त्यानं कधी बदलली नाही.

का बदलली नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. मग १९८३ची रोजनिशी सापडली, म्हणजे होतीच, पण तिचं डिसेंबरचं पान ओलीनं मागच्याला चिकटलं होतं. वाफेवर धरून सोडवलं. "२५ डिसें. म. यांजकडे, फत्तेगंज. चिवडा. केक दिला. अंडे असावे. बरा होता."

अंडे असावे! आमच्या घरात भाऊ आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी अंडं सांगितलं तेव्हा नानांनी डॉक्टर बदलला होता. त्या वर्षी, त्या आठवड्यातही, छप्पनच्या दुष्काळावरचं भाषण झालंच असणार. मला ते नक्की आठवतं असं नाही, पण चुकलेलं एकही वर्ष आठवत नाही.

आणि १९९४चं पान, ऑगस्टातलं. "म. गेले. ऑफिसातून परस्पर फत्तेगंज. चर्चमध्ये शेवटपर्यंत बसलो. भजने समजली नाहीत. चाल चांगली. घरी आल्यावर स्नान." त्या वर्षीपासून २५ डिसेंबरचं पान इतर पानांसारखं. दूध, संध्या, गुडघा.

म्हणजे म. नानांच्याच ऑफिसातले. आता आठवतं, ऑफिसातल्या कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभाच्या एका फोटोत नानांशेजारी एक उंच, कुरळ्या केसांचे गृहस्थ आहेत, ज्यांच्या खांद्यावर नानांनी हात ठेवलाय. नानांनी आमच्याही खांद्यावर असा कधी हात ठेवल्याचं आठवत नाही.

त्या "घरी आल्यावर स्नान"पाशी मी अडकले. स्मशानातून आल्यावर आपल्या माणसासाठी करतात ते? की चर्चमध्ये बसून आले म्हणून? दोन्ही अर्थ नानांना शोभतात.

आई आता शहाऐंशीची आहे. कानांनी कमी, बाकी लख्ख. एका दुपारी तिच्यापुढे त्या रोजनिशा मांडल्या आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "आई, नाना दर नाताळाला फत्तेगंजला जायचे, तुला माहीत होतं?"

तिनं चष्मा लावलासुद्धा नाही. म्हणाली, "डबा कोण घासत होतं? चिवडा घेऊन जायचा आणि परत यायचा तो व्हॅनिलाचा वास घेऊन. मी राखेनं दोनदा घासायची, वास म्हणून जायचा नाही."

"मग कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर जाणं बंद केलं असतं त्यांनी," आई म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, "तू तो डबा कुणाला दिलास?"

तो बहिणीकडे आहे. पितळी डब्यांबरोबर गेला.